डोळ्यांनी ऐकणारी माणसे

दिवाळीच्या अंकासाठी फराळाच्या ताटाशेजारी ठेवता येईल असे काहीतरी गोड लिहा, असा संपादकांचा निरोप होता. मी कादंबऱ्या लिहितो, पोटासाठी शाळेत लहान मुलांना शिकवतो, आणि माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही. तेव्हा गोड लिहिण्यापुरते कसब अंगी आहे असे समजायला हरकत नसावी. परंतु यंदा ते जमणार नाही. यंदा मला भांडायचे आहे. घरात गाणे ऐकण्यासाठी जे यंत्र लावतात, ज्याला शहरातले लोक ॲम्प्लिफायर म्हणतात आणि आमच्या पोलादपूर तालुक्यात नुसते ‘मशीन’ म्हणतात, त्याच्यावरून हे भांडण आहे. यंत्र बापडे निरुपद्रवी आहे. माझा राग आहे तो त्याची किंमत आणि पितळी बटणे पाहून ‘याचा आवाज उबदार, त्याचा कोरडा’ असा निवाडा देणाऱ्या मंडळींवर.

झाले असे. गणपतीला माझा भाचा डोंबिवलीहून आजोळी आला. मुंबई-गोवा रस्त्याने त्याला ११ तास लागले. त्याबद्दल इथे लिहीत नाही. त्या रस्त्यावर कोकणी माणसाने इतके लिहून ठेवले आहे की तेवढ्या कागदाचा भराव घातला असता तरी रस्ता पुरा झाला असता. मोटारीच्या मागच्या आसनावर पट्टा बांधून एक खोका बसला होता. भाचेसून पुढे बसली होती आणि तिच्या मांडीवर स्पीकरची एक पेटी होती. दुसरी तिच्या पायांशी. खोक्यात नवे मशीन. वजन १९ किलो, किंमत १,८५,००० रुपये, हप्ते २४. ते त्याने बायकोच्या आधी उतरवून घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही. कंपनीने माझे काही वाकडे केलेले नाही.

एवढे ओझे एवढ्या लांब आणण्याचे कारण अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, भाच्याचे आजोबा. वय ७८. लालबागच्या एका गिरणीत सोळा वर्षे साचेखात्यात होते. १९७९ च्या बोनसातून त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका कारागिराकडून मशीन जोडून घेतले. पत्र्याची पेटी, तिला हिरवा रंग, आत ‘तीस-पंचावन्न’ नंबरचे चार ट्रान्झिस्टर, दोन्ही बाजूंना वीस-वीस वॅट. त्याच सुमारास चाळीतल्या भजनी मंडळाचे गाणे कोणीतरी टेपरेकॉर्डरवर घेतले, त्याची एक कॅसेट अण्णांना मिळाली. मंडळाचे बुवा गातात, आणि मागे टाळ धरणाऱ्यांत अण्णा आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरणी सुटली, चाळ सुटली, आणि अण्णा एक वळकटी, एक ट्रंक व हे मशीन घेऊन गावी आले. बुवा पुढे दोन-चार वर्षांत गेले. तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला आमच्या घरी बुवा गातात.

या मशीनची किंमत बाजारात शून्य आहे. पण २२ जुलै २०२१ ला सावित्रीने महाड पोटात घेतले तेव्हा अण्णा माझ्याकडे महाडात होते, आणि पाणी उंबरठ्यावर आले तेव्हा मी तांदळाचे पिंप उचलायची खटपट करीत होतो व माझे वडील चौऱ्याहत्तराव्या वर्षी मशीन डोक्यावर घेऊन माळ्याची शिडी चढत होते. तांदूळ गेला. मशीन राहिले. पुढे एका मिस्त्रीने चारशे रुपयांत त्याचे जुने कंडेन्सर बदलून दिले, अण्णा मशीन घेऊन गावच्या घरी परतले, आणि पुन्हा साडेपाचला बुवा गाऊ लागले.

भाच्याचा हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो. आजोबांना बुवांचा आवाज एकदा नीट ऐकवावा, एवढ्यासाठी तो १९ किलो घेऊन आला. कॅसेटीची मोबाइलवर प्रतही त्यानेच पूर्वी काढून दिली होती. नवे मशीन फळीवर चढले, हिरवे खाली उतरले, बुवा गायले. आणि मग भाचा म्हणाला, “आजोबा, तुम्ही चाळीस वर्षं बुवांचा आवाज ऐकलाच नाहीत. या डब्यानं त्यातला जीवच घेतला होता.”

अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे घर गप्प होते. तिसऱ्या दिवशीही. भाच्याने आपल्या मशीनची बटणे त्यांना समजावून दिली होती, पण त्याला त्यांनी हात लावला नाही आणि आपल्यालाही लावला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, “खरखर येते रे त्यातनं. पोरगं म्हणतंय ते खरं हाय. इतकी वर्सं मला कळलंच नाय.”

माझ्या संतापाचे मूळ हे आहे. ज्या माणसाने पुरातून आपले गाणे वाचवले, त्याचे गाणे एका वाक्याने बुडाले.

आता भाच्याच्या तोंडी हे वाक्य आले कुठून? त्याने रचलेले नाही. मुंबईत गार हवेच्या, गालिचा घातलेल्या दुकानांत हे वाक्य मिळते, मशीनबरोबर फुकट. तिथे आवाजाला ‘ऊब’ असते, ‘पोत’ असतो, गाण्याच्या पाठीमागे ‘काळोख’ असतो आणि किंमत वाढेल तसा तो काळोख अधिक काळा होतो. मी भाषेवर पोट भरणारा माणूस आहे, म्हणून विचारतो: हे शब्द आवाजाचे आहेत की शालीचे? ज्या शब्दाला खोटे पाडण्याची काही सोयच नाही, तो शब्द वर्णनाचा नसतो, विक्रीचा असतो.

मशीनचे काम काय, ते शाळेतल्या पोरालाही सांगता येते. भूगोलाच्या तासाला आम्ही चौकटी आखून नकाशा मोठा करतो. कोकणचा किनारा जिथे आत वळतो तिथे मोठ्या नकाशातही वळला पाहिजे, आणि जिथे खाडी नाही तिथे खाडी काढायची नाही. ॲम्प्लिफायरचे काम एवढेच. कॅसेटीतून किंवा मोबाइलमधून आलेली विजेची बारीक लाट आहे त्या आकारात मोठी करून स्पीकरच्या हाती द्यायची. स्वतःचे काही घालायचे नाही. इंग्लंडातल्या क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांच्या नावावर एक व्याख्या सांगतात, तिचा मथितार्थ असा की उत्तम मशीन म्हणजे सरळ तार, फक्त तिच्यातून गेलेला आवाज मोठा होऊन बाहेर येतो. आता सरळ तारेला ऊब कुठली आणि पोत कुठला?

आणि हे काम माणसाला फार पूर्वी साधले. हॅरल्ड लीक या इंग्रज गृहस्थाने १९४५ साली आपल्या मशीनला ‘पॉइंट वन’ हेच नाव दिले, कारण त्यातली विकृती शेकडा एक-दशांश, म्हणजे हजारात एक इतकीच होती. १९४७ साली विल्यमसन नावाच्या इंजिनियराने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आपल्या मशीनचा आराखडा छापून टाकला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी बसून जोडला. १९४७ म्हणजे अण्णांच्या जन्माचे साल. जो प्रश्न माझ्या वडिलांच्या पाळण्याच्या दिवसांत जवळजवळ सुटला, तो माझ्या भाच्याला २४ हप्त्यांत पुन्हा सोडवून विकला गेला.

“मामा, पण फरक ऐकू येतो ना! जमीन-अस्मानाचा!” भाचा म्हणाला. मी म्हणालो, येत असेल तर पडदा लावून ऐकू. तो हसला आणि तयार झाला. त्याच्या त्या हसण्याला मी मानतो.

परीक्षेची सिद्धता मी शाळामास्तराच्या खोडीने केली, ती थोडी तपशिलाने सांगतो, कारण कुणालाही घरी करता येईल. इन्व्हर्टरला लावतात तसला दोन्ही तारा एकदम बदलणारा चेंज-ओव्हर स्विच पोलादपूरहून आणला. दोन मशीनांच्या तारा एकमेकींना लागल्या तर दोन्ही मशीने जातात, म्हणून एका तारेचा साधा स्विच चालत नाही. स्पीकर भाच्याचेच घेतले. जुन्या पेट्यांमुळे नवे मशीन दबते असा आक्षेप उरायला नको. मोबाइलमधून दोन फाटे काढून दोन्ही मशीनांना एकच गाणे दिले. आणि मग सर्वांत महत्त्वाची गोष्ट: दोन्हींचा आवाज मीटरने सारखा केला. सेकंदाला शंभर कंपनांचा एकसुरी नाद लावला (स्वस्तातला मीटर याहून फार वरच्या नादाला चुकतो) आणि स्पीकरच्या टोकांवर दोन्हीकडून बरोबर २ व्होल्ट येईपर्यंत बटणे फिरवली. मग बटणांवर चिकटपट्टी मारून टाकली.

या २ व्होल्टपाशी जरा थांबतो, कारण सगळी मेख तिथे आहे. माणसाच्या कानाची एक खोड आहे. एक आवाज दुसऱ्याहून किंचित मोठा असेल, इतका किंचित की मोठा आहे हे कळूही नये, तर तो आपल्याला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच मोजून दाखवले की आवाज लहान असताना कानाला खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला की तोच खर्ज भरून येतो. म्हणजे ‘याला भरीवपणा आहे हो!’ असे गिऱ्हाइकाच्या तोंडून वदवून घ्यायला महाग मशीनचे बटण केसभर पुढे सरकवणे पुरते. वाण्याने तागडीला बोट लावले तर आपल्या बायका त्याचे सात पिढ्यांचे श्राद्ध घालतात. इथे बोट लावलेले कुणाला दिसतच नाही, कारण तागडी गिऱ्हाइकाच्या डोक्यात असते. प्रत्येक दुकानदार मुद्दाम करतो असे मी म्हणत नाही. मीटर लावून दोन मशीने सारखी न करता जो तुलना करतो, त्याच्या हातून ते आपोआप होते.

आणि दुसरे. स्पीकर ८ ओहमचा. २ चा वर्ग ४, त्याला ८ ने भागले, उत्तर अर्धा. अर्धा वॅट! त्या अर्ध्या वॅटमध्ये आमचे माजघर भरून गेले होते. गाण्यात मधूनच टाळ-पखवाज उसळतात तेव्हा त्याच्या दहापट-वीसपट लागेल. म्हणजे पाच किंवा दहा वॅट. हिरव्या डब्यात वीस होते. भाच्याच्या मशीनमध्ये दीडशे. उरलेले एकशे चाळीस काय करीत होते? हप्ते भरीत होते! वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे कळेल न कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. वॅटच्या आकड्यांनी आमच्या लोकांना किती नाडले आहे, त्यावर वेगळा लेख होईल. पावाच्या लादीएवढ्या खोक्यावर ‘दोन हजार वॅट पी.एम.पी.ओ.’ छापलेले आमच्या पिढीने पाहिले आहे. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर पंधरा वॅटला तापायचा. अमेरिकेत असल्या आकड्यांना लगाम घालणारा नियम फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली केला आणि २०२४ साली पुन्हा घट्ट केला. आपल्याकडे खोका बोलतो आणि गिऱ्हाईक ऐकते.

असो. दोन्ही मशीने माजघरात, पुढे पडदा, म्हणजे आईचे जुने नऊवारी. आम्ही पडद्याच्या अलीकडे. पलीकडे माझी आठवीतली मुलगी, एक नाणे आणि भूमितीची वही. नाणे उडवायचे; छापा पडला तर नवे, काटा पडला तर जुने, आणि वहीत टिपून ठेवायचे. स्विचचा खटका ऐकून कुणी ओळखू नये म्हणून दर खेपेला तो दोनदा इकडे-तिकडे फिरवून मग जागेवर आणायचा, ही युक्ती तिचीच. आधी भाच्याला दोन्ही मशीने उघड, हवी तितका वेळ ऐकू दिली. मग सोळा फेऱ्या. घाई नाही, एका फेरीला त्याने वीस मिनिटे घेतली.

निकाल: भाचा सोळापैकी सात बरोबर. मी सोळापैकी नऊ. आपले दोन जास्त आले याचा मला घटकाभर आनंद झाला हे कबूल करतो. मग हिशेब मांडला. नुसते नाणे उडवून उत्तरे दिली तरी सोळात आठ येतात. सात, आठ, नऊ, सगळे एका माळेचे मणी. कान खरोखर ओळखतात असे म्हणायचे तर निदान बारा हवेत; निव्वळ नशिबाने बारा किंवा अधिक येण्याचा संभव शंभरात चारांहूनही कमी आहे. जमीन-अस्मानाचा फरक नऊवारीच्या एका पदरामागे नाहीसा झाला होता.

यानंतर जे घडले ते मी ठरवलेले नव्हते. मशीन तेच ठेवून मी भाच्याचे स्पीकर काढले आणि अण्णांच्या, गावच्या सुताराने फणसाच्या फळ्यांत केलेल्या पेट्या जोडल्या. स्वयंपाकघरात आई मोदकांची उकड मळत होती. तिला ना परीक्षेची माहिती, ना मशीनची. बुवांची पहिली ओळ पुरी व्हायच्या आत तिने आतून हाक मारली, “आता काय बदललंत रे? बुवा विहिरीत बसल्यासारखे वाटतायत!”

फरक असतो तो असा! तो ऐकायला सोनेरी कान लागत नाहीत आणि पीठ मळणे थांबवावे लागत नाही. स्पीकर म्हणजे कागदाचा भोंगा हलवून हवा ढकलणारी वस्तू. खर्जात तो शेकडा दोन-चार विकृती सहज घालतो, जिथे मशीन हजारात एक घालते. आणि खोली त्याहून वस्ताद. भिंतींवरून परतलेले आवाज एकमेकांत मिसळून खर्जाच्या एखाद्या सुराला दहा डेसिबल चढवतात नि शेजारच्याला तेवढेच पाडतात. खुर्ची दोन हात सरकवली तर गाणे बदलते. ज्याला आवाज सुधारायचा आहे त्याने चांगले स्पीकर घ्यावेत, ते कोपऱ्यातून पुढे ओढावेत, समोरच्या उघड्या भिंतीवर गोधडी टांगावी. पण गोधडीवर कमिशन कोणाला मिळणार?

हे झाले आमच्या माजघरातले. मोठ्या जगात मोठ्या लोकांचे काय झाले, तेही पाहा. १९७८ साली इंग्लंडात क्वाडचीच तीन पिढ्यांतली तीन मशीने, एक जुने व्हॉल्व्हचे आणि दोन ट्रान्झिस्टरची, जाणकारांपुढे नावे लपवून वाजवली. कोणते कोणते ते ओळखता आले नाही. १९८७ च्या जानेवारीत ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन मासिकाने सुमारे २२० डॉलरपासून १२,००० डॉलरपर्यंतची मशीने अशीच पडद्याआड ठेवली. ऐकणाऱ्यांत फरकावर श्रद्धा असलेलेही होते आणि नसलेलेही. सर्वांची उत्तरे एकत्र केली तेव्हा नाण्याहून बरी निघाली नाहीत. रिचर्ड क्लार्क नावाच्या गृहस्थाने तर दहा हजार डॉलरचे बक्षीसच लावले होते. अट कडक होती, पण सरळ होती: आवाज सारखा केलेला, कुठलेही मशीन त्याच्या ताकदीबाहेर ताणलेले नाही, आता ओळखा. वर्षानुवर्षे लोक आले, ऐकून गेले. बक्षीस कोणी नेले नाही.

मला त्यातल्या त्यात आवडते ती बॉब कार्व्हरची गोष्ट. १९८५ साली त्याने ‘स्टीरिओफाइल’ मासिकाला आव्हान दिले की तुम्ही म्हणाल त्या महागड्या मशीनसारखे मी माझे स्वस्त मशीन बोलायला लावतो, तेही थोड्या दिवसांत, हॉटेलच्या खोलीत बसून. संपादकांनी एक थोरले व्हॉल्व्हचे मशीन पुढे केले. कार्व्हरने काय केले? वजाबाकी! दोन्ही मशीनांना एकच गाणे द्यायचे, एकाचा आवाज दुसऱ्यातून वजा करायचा, आणि बाकी जवळजवळ शून्य होईपर्यंत आपल्या मशीनमध्ये बारीकसारीक फेरफार करायचे. ते झाल्यावर संपादकांना फरक सांगता आला नाही. ज्याला आत्मा म्हणत होते ती चार-दोन फुटकळ सुट्या भागांची करामत निघाली.

आता या गोष्टीची दुसरी बाजू मी लपवणार नाही. कार्व्हरला फेरफार करावे लागले, म्हणजे आधी फरक होता. होताच. काही व्हॉल्व्हची मशीने स्पीकरशी नीट जुळत नाहीत, स्पीकर ओढील तिकडे वाकतात, आणि आवाजाचा रंग खरोखर पालटतो; कोणाला तो आवडत असेल तर माझी ना नाही. ज्याच्या ताकदीबाहेर आवाज चढवला ते मशीन लाटांचे शेंडे छाटते. लग्नाच्या टेंपोवर केकाटणारे छोटे मशीन ऐकलेत म्हणजे ते कळेल. एखाद्यात घरघर असते, एखादे बिघडलेले असते. हे सगळे फरक मीटरवर दिसतात, त्यांना नाव आहे, कारण आहे. माझे म्हणणे इतकेच की धडधाकट, पुरेशा ताकदीची दोन मशीने सारख्या आवाजात ठेवली तर कान त्यांना वेगळे करू शकत नाही, मग एक दोन हजारांचे असो की दोन लाखांचे.

“तुम्हाला कान नाही,” असे या मंडळींचे शेवटचे शस्त्र असते. कान कशाला म्हणतात ते मिरजेत जाऊन पाहावे. तिथला तंबोऱ्याचा कारागीर जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवतो, आणि तंबोरा मुका असतो तो बोलू लागतो. हा फरक पडद्याआडून ओळखा म्हटले तर तो कारागीर सोळापैकी सोळा वेळा ओळखील. कारण ऐकताना तो डोळ्यांनी किंमत वाचत नाही. बारीक कानाचा मला आदर आहे, म्हणून तर मी त्याची परीक्षा घ्या म्हणतो. काहीजण म्हणतात, परीक्षेच्या ताणाने कान बिथरतात. वीस मिनिटे लोडाला टेकून, चहा पीत ऐकण्यात ताण कसला? पण गंमत पाहा, याच भाच्याचे कान आदल्या गणपतीला विसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या डीजेपुढे दोन तास नाचले आणि दोन दिवस शीळ घालत होते. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, असे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. ते कान जपायचे तेव्हा कुणी जपत नाही.

कोणी म्हणतात, मीटरला सगळे कळत नाही. कबूल! म्हणून आम्ही निवाडा मीटरला विचारलाच नाही. कानांनाच विचारला. फक्त डोळे बंद केले.

ज्याला सुबक, जड, पितळी बटणांचे मशीन आवडते त्याने ते जरूर घ्यावे. आपण नाही का पितळी समई घेत? पण समई घेणारा ‘हिचा उजेड पणतीहून उबदार पडतो’ म्हणून शेजाऱ्याच्या पणतीला नावे ठेवीत नाही. नावे ठेवली तरच मशीन खपते, हा या धंद्याचा दोष आहे. तुझ्याजवळ जे आहे त्याची तुला लाज वाटली पाहिजे, त्याशिवाय तू खिशात हात घालणार नाहीस.

आणि त्या कॅसेटीचे तरी काय? तिच्यावर टेपची फसफस आहे, खोलीतल्या पंख्याचा आवाज आहे, एका जागी कुणाचे तरी मूल रडते. फार वरची कंपने तिच्यावर मुळात उतरलेलीच नाहीत. आणि ती ज्यांनी ऐकायची त्या अण्णांचे कान सोळा वर्षे साच्यांच्या धडधडाटात गेलेले आणि त्यावर अठ्ठ्याहत्तर पावसाळे. तिथे कोणता जीव हिरव्या डब्याने घेतला होता आणि कोणता १९ किलोंनी परत दिला?

भाचा प्रामाणिक आहे. सात गुण पाहून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मामा, दुकानात मला फरक ऐकू आला होता, खोटं नाही सांगत.” मी म्हटले, आला असणारच. संध्याकाळी भाचेसून मागीलदारी भांडी विसळताना हळूच मला विचारून गेली, “मामा, असली वस्तू ते परत घेतात का हो?” मला उत्तर देता आले नाही. तिला पाचवा महिना आहे आणि हप्ते अजून २१ आहेत.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, मोटार मुंबईला गेली, तसाच पट्टा बांधून खोकाही गेला. त्या रात्री अण्णांनी विचारले, “त्या पडद्याआड शेवटी जे वाजलं, पोराला लई आवडलं म्हणत होता, ते कंचं रे?” मी वही काढून दाखवली. सोळावी फेरी: जुने. ते वही लांब धरून बराच वेळ पाहत राहिले. पहाटे साडेपाचला बुवांनी आलाप घेतला तेव्हा मी जागाच होतो. मध्ये खरखर आली. अण्णा ओटीवरून माझ्याकडे पाहून म्हणाले, “ही टेपची हाय. मशीनची नाय.”

आता ज्या कोणाला हा लेख वाचून राग आला असेल, त्याच्यासाठी. स्विच मी काढून ठेवलेला नाही, नऊवारीही धुऊन घडी करून ठेवली आहे. दहा हजार डॉलर मजजवळ नाहीत. पण कापणी झाली आहे. सोळापैकी बारा ओळखणाऱ्याला आमच्या शेतातला एक मण नवा तांदूळ, आणि न ओळखणाऱ्यालाही दुपारचे जेवण. महाडच्या एस.टी. स्थानकावर उतरून पोलादपूरची गाडी धरावी. मशीन आपापले आणावे. नाणे मात्र आमच्या मुलीचे राहील.